पूरपथकाला बोटीबरोबर वायरलेसही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगाकाठी पाण्यापाठोपाठ मोबाईलही दगा देतो. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो. रस्ता बुडालेला, मग जनरेटरला डिझेल पोचवणार कोण? 2020 च्या ऑगस्टअखेर नदीने केवढे रूप धरले होते, ते भंडारा ते गडचिरोली सगळ्यांना आठवते. तरीही बचावाच्या बोटीचा काठाशी संपर्क मोबाईलच्याच भरवशावर सोडला जातो, हे फार धोक्याचे आहे.

पाच वॅटचे व्हीएचएफ हँडसेट, म्हणजे टॉवरशिवाय थेट एकमेकांशी बोलणारे हातातले वायरलेस सेट, यासाठी पुरेसे आहेत, पण नुसते वाटून भागत नाही. बोलणारे दोघेही जमिनीवर उभे असले तर बांबू-सागाच्या रानात दोन-तीन किलोमीटरवरच आवाज तुटू लागतो. तिथे वॅट वाढवण्यापेक्षा उंची वाढवावी. गावच्या पाण्याच्या टाकीवर 12 मीटरवर अँटेना बसवली तर मोकळ्या पात्रात पंधराएक किलोमीटरवरची बोट ऐकू येऊ शकते. केबल मात्र जाड हवी. बारीक आरजी-58 च्या 15 मीटरांत निम्मी ताकद वाटेतच जिरते, आरजी-213 मध्ये साधारण पाव. काठावरचा 25 वॅटचा सेट ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बोलताना तो पाच-सहा अँपिअर ओढतो, ऐकताना त्याहून खूपच कमी.

सगळ्यात घातक चूक म्हणजे लाइफ जॅकेटखाली दाबले गेलेले बोलण्याचे बटण. एका सेटचे बटण अडकले की त्या चॅनलवर दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही, बुडणाऱ्याची हाकही दाबली जाते. म्हणून प्रत्येक सेटमध्ये 60 सेकंदांची वेळमर्यादा आधीच भरून ठेवावी. सगळ्या सेटचा टोन कोडही (आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर) एकच असावा, नाहीतर चॅनल जुळूनही आवाज येत नाही. अँटेना उभी धरावी, बटण दाबून क्षणभर थांबून बोलावे. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा गावाचे नावच असतो. माइकच्या जाळीत पाणी गेले तर सेट उलटा धरून झटकावा.

टेहळणीला गेलेली लष्करी तुकडी ठरल्या वेळीच संपर्क करते. बोटीनेही दर अर्ध्या तासाला हाक द्यावी. बॅटरी वाचते, आणि हाक चुकली की शोध लगेच सुरू करता येतो.

या सेटना केंद्राच्या दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. तो अर्ज तहसीलने मार्चमध्येच करावा आणि मे महिन्याच्या रंगीत तालमीत डोंगा चालवणाऱ्या मासेमार ढिवर बांधवांच्याही हाती सेट द्यावा. पात्रातले भोवरे त्यांनाच ठाऊक असतात.

– एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)