पानगळीतल्या फार्मिंग्टनवरून, काकांना

काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे समोरासमोर आभार मानायची सोय नाही. तोंडातून 'थँक्यू' निघालं की तुम्ही "गाठ तपासलीस का?" असं विचारून मोकळे होता. आता तुम्ही काकूंना घेऊन लेकीकडे टेक्सासला गेलात, आणि इथे मंडळाच्या गणपतीत नव्याने आलेल्या दोघी-तिघी मागे लागल्या, की तुझं ते नदीवरचं, खोट्या माश्यांनी ट्राउट मासे पकडायचं प्रकरण आम्हालाही दाखव. त्यांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला बसले, तर सगळंच तुमचं निघालं. म्हणून हे पत्र उघड लिहितेय. त्यांनीही वाचावं आणि तुम्हाला विषय बदलता येऊ नये.

हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं गाव. नवरा त्यातल्याच एकीच्या प्रोजेक्टवर, मी डिपेंडंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, गाडी तो घेऊन जाणार, दुपार काही सरत नाही. तुम्ही त्याच कंपन्यांच्या मेनफ्रेमवर उभी हयात काढून निवृत्त झालेले. पासष्टी ओलांडल्यामुळे कनेटिकटमध्ये मासेमारीचं लायसन्स फुकट, हे तुम्ही मला पहिल्याच भेटीत दोनदा सांगितलंत. हर्णैच्या खाडीत कोळंबी लावून तांबोश्या गरवणारा मुलगा इथे येऊन गळावर पिसं गुंडाळून किड्यांसारख्या दिसणाऱ्या खोट्या माश्या बांधायला लागतो, ही गोष्ट काकू हसत हसत सांगत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "हिला ने रे नदीवर." त्या वाक्याबद्दल निम्मे आभार काकूंचे.

"आधी पाणी बघ, मग माश्यांची डबी उघड." हे तुमचं एकच वाक्य मी त्या दोघी-तिघींना पहिल्या दिवशी सांगणार आहे. फार्मिंग्टन नदीची पश्चिम शाखा धरणातून सुटते, जलाशयाच्या तळातलं गार पाणी घेऊन. त्यामुळे जुलै-ऑगस्टात आजूबाजूचे ओढे तापतात तेव्हाही इथले ट्राउट तग धरतात. नदीतून किती पाणी वाहतंय ते सांगणारा रिव्हर्टनचा सरकारी मापक मोबाइलवर दिसतो, पण तो आकडा पुरा नसतो, कारण त्याच्या खालच्या अंगाला स्टिल नदी येऊन मिळते आणि तिचा आकडा वेगळा मिळवावा लागतो, हे मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नसतं. बेरीज सेकंदाला 200 ते 400 घनफूट असेल तर माझ्या उंचीच्या बाईने पाण्यात उतरायला हरकत नाही. त्याच्या फार वर गेली तर काठावरूनच. पाऊस पडून गेला की स्टिल आधी फुगते, गढूळ होते, झाडांची पानं घेऊन येते. अशा दिवशी संगमाच्या वर, धरणाच्या बाजूला सरकायचं. मग थर्मामीटर. 50 ते 60 फॅरेनहाइट असेल तर मासा खाण्याच्या मूडमध्ये, 68 च्या पुढे गेला तर काठी गुंडाळून घरी, कारण तापलेल्या पाण्यात दमवलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

आणि शरदात पहाटे उठायचं काम नाही, हे ऐकून तर मी तुमची कायमची शिष्या झाले. रात्री पाणी गारठतं, किडे हलत नाहीत. खरा खेळ दुपारी एक ते चार. म्हणजे नेमकी जी वेळ मला खायला उठायची तीच.

तुमची डबी माझ्याकडेच आहे. तिच्या कप्प्यांवर भाद्रपद, आश्विन, कार्तिक अशा चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस न्यू इंग्लंडमध्ये दुसरा नसेल. "अधिक महिना आला तर?" असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "माशांना पंचांग कुठे कळतं? पाणी बघ."

भाद्रपदात उडत्या मुंग्या. दमट, उकडलेल्या दुपारी त्या अचानक पाण्यावर पडतात, आणि तासभर नदीत दुसरं काहीही चालत नाही. 20-22 नंबरच्या गळावर बांधलेल्या दोन-चार मुंग्या जवळ असल्या की झालं (नंबर जितका मोठा तितका गळ बारीक). आश्विनात आयसोनिकिया. ही मोठी, तपकिरी-राखाडी मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढून मग पंख फुटणारा किडा, गळ 12 किंवा 14 नंबरचा. हिचं पिल्लू पाण्यात जोरात पोहतं आणि बहुतेकदा दगडावर चढून कात टाकतं. काठच्या खडकांवरच्या त्या रिकाम्या काती तुम्ही मला आधी दाखवल्यात आणि मगच माशी हातात दिलीत. पिल्लू पोहणारं आहे, म्हणून वाहून जाणं संपलं तरी लगेच उचलायची नाही, दोरी ताणली जाऊन माशी आडवी फिरू द्यायची. मला बसलेले बरेचसे झटके त्या शेवटच्या दोन सेकंदांत बसलेत.

पण माझा जीव कार्तिकाच्या कप्प्यात. ढगाळ, रिमझिम, हात आखडणारी दुपार, जिला इथले लोक वाईट हवा म्हणतात, तीच ब्लू-विंग्ड ऑलिव्ह या चिमुकल्या मेफ्लायची. माशी तांदळाच्या कणीएवढी, 22 ते 24 नंबरच्या गळावर. चर्च पूल नावाच्या डोहाच्या संथ पाण्यात मासे फक्त ओठ वर काढून तिला टिपत असतात. तिथला प्रत्येक ट्राउट वर्षभर पकडला-सोडला गेलेला, त्यामुळे कुठल्याही परीक्षकापेक्षा खडूस. माशी प्रवाहाबरोबर सुटी वाहिली पाहिजे. दोरीने तिला केसभर जरी ओढलं तरी मासा तोंड फिरवतो. धागा किती बारीक लागतो याचा हिशेबही तुमचाच: धाग्याच्या रिळावर जाडीचा एक्सचा आकडा असतो, तो 11 मधून वजा करायचा, उरेल तितके सहस्रांश इंच. 7 एक्स म्हणजे 0.004 इंच. एवढ्या धाग्यावर मासा आला की ओढाताण करायची नाही, त्याला पळू द्यायचं, हे तुम्ही शेजारी उभं राहून, काठीला हातही न लावता शिकवलंत. काठी हिसकावून न घेणारे शिक्षक फार थोडे असतात हो.

वर किडे नसतील तेव्हा तळाशी फेझंट टेल, किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी बुडती माशी. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ती बांधली, धाग्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरून, हे सांगताना तुमचा चेहरा खुलायचा. स्ट्रीमरबद्दल, म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या मोठ्या माशीबद्दल, मात्र आपलं जमलं नाही. विणीच्या आधी मोठे ब्राउन ट्राउट चिडके होतात, काळ्या वूली बगर नावाच्या स्ट्रीमरवर धावून येतात, सगळं खरं. पण दिवसभर ते जड प्रकरण फेकून माझा खांदा भरतो. तुम्हालाच लखलाभ.

सासूबाई फोनवर विचारतात, "सोडूनच द्यायचे तर पकडता कशाला?" आमचं घर माळकरी, त्यामुळे मासे सोडतो हे ऐकून त्यांना जरा बरं वाटतं, पण प्रश्न काही सुटत नाही. मलाही उत्तर येत नाही. याच नदीवरच्या न्यू हार्टफर्डच्या घळीचं नाव 'सेटन्स किंगडम', म्हणजे सैतानाचं राज्य, आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरची ती दुपार मात्र वेगळी. तुम्ही काठ्या गाडीतच ठेवायला लावल्यात. उथळ खडीवर फिकट, धुतल्यासारखा एक लांबट पट्टा, आणि त्यावर कुशीवर होऊन शेपटीने खडी उडवणारी ब्राउन ट्राउटची मादी. मागे दोन नर. अंडी त्या खडीत सबंध हिवाळा राहतात, म्हणून तिथे पायही टाकायचा नाही, माशी तर नाहीच. एक जण नेमका त्यांच्यावरच माशी फेकत होता. तुम्ही जाऊन काहीतरी बोललात आणि तो निमूटपणे निघून गेला. काय बोललात ते अजून सांगितलेलं नाहीत. परतताना म्हणालात, "हे मासेही बाहेरचेच. 1883 मध्ये जर्मनीहून अंडी आली. आता ग्रीन कार्ड मिळालंय एवढंच." गाडीत आपण दोघं किती हसलो होतो!

तर आभार. डबीबद्दल, माझ्या मापाच्या वेडर्ससाठी (पाण्यात उभं राहायची ती रबरी पँट) दुकानदाराशी घातलेल्या घासाघिशीबद्दल, थर्मासमधल्या गवती चहाबद्दल, आणि माझ्या दुपारी मला परत दिल्याबद्दल. गळांचे काटे पक्कडीने दाबून टाकायची सवय मी त्या नव्या मुलींनाही लावणार आहे. मॅपल लाल व्हायला लागलेत, दुपारी वारा सुटला की दर दुसऱ्या फेकीला एक पान गळाला लागतं. मुंग्या येऊन गेल्या. आयसो सुरू आहेत, पण यंदा जरा बारीक, 14 चालतंय.

तुमच्याकडे ग्वाडालुप नदीवर कॅनियन धरणाखाली हिवाळ्यात ट्राउट सोडतात म्हणे. तिथे कुठली माशी चालते ते कळवा, आणि टेक्सासमध्ये लायसन्सचे पैसे पडले का तेही. ऑलिव्ह 24 चे दोनच उरलेत. काकूंची परवानगी असेल तर डझनभर बांधून पाठवा.

तुमची,
दुपारच्या पाळीची विद्यार्थिनी