मोजे काढून पाहणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, लसीकरणाच्या गर्दीत, सव्वातीन महिन्यांच्या एका रडणाऱ्या मुलीच्या पायांतले मोजे आपण काढले होते. त्या दिवशी आपल्या टेबलापुढून बरीच बाळे गेली असतील, म्हणून ओळख सांगते. जिच्या अंगावर आदल्या दिवशीचे काळे झबले तसेच होते आणि जिच्या कानामागे हलव्याचा एक दाणा चिकटून राहिला होता, ती माझी लेक.

आदल्या दुपारी घरी तिचे बोरन्हाण झाले. संध्याकाळी गार वारा सुटला म्हणून मी तिला लोकरीचे मोजे चढवले, आणि तासाभरात ती जी रडू लागली ती रात्रभर थांबली नाही. पंधरा बायकांची नजर एकदम पडली, दुसरे काय होणार, असे म्हणून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढण्यात आली. मग पोटात वात धरला असेल म्हणून ओव्याचा शेक झाला. आईने वांग्याची भाजी खाल्ली होती हे कोणाच्या तरी लक्षात आले, आणि शेवटी, गेले तीन महिने आमच्या घरातील प्रत्येक रडण्याचा शोध जिथे येऊन थांबत असे तिथेच तोही थांबला, तो म्हणजे माझे दूध तिला पुरत नसावे.

रात्री साडेनऊला आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांचे नाव मी लिहीत नाही, पण त्यांनी दुपट्यात गुंडाळलेल्या मुलीच्या पोटावर वरूनच दोन बोटे वाजवली, ‘कॉलिक’, म्हणजे पोटातली कळ, असा शब्द उच्चारला, थेंबांच्या दोन बाटल्या आणि दुधाच्या पावडरीचा एक डबा लिहून दिला आणि पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली. दुपटे उलगडावे असे त्यांना वाटले नाही. ‘पहिलंच बाळ ना? होतं असं,’ एवढे ते हसून म्हणाले, आणि त्या हसण्यानंतर मला पुढे काही विचारण्याचे धैर्य झाले नाही.

सकाळी आम्ही आपल्याकडे आलो ते चौदा आठवड्यांची लस आज द्यावी की पुढे ढकलावी, एवढेच विचारायला. आपण कार्ड बाजूला ठेवले आणि मला विचारले, ‘हे रडणं रोजच्यासारखंच आहे का?’ सिस्टर, आदल्या संध्याकाळपासून मला कारणे सर्वांनी सांगितली होती, पण प्रश्न कोणीही विचारला नव्हता. नाही, हे वेगळे आहे, असे मी म्हटले आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की हे मला रात्रीपासून ठाऊक होते.

ठाऊक असण्याचे कारणही आपणच होता. दीड महिन्याच्या लसीला आम्ही आलो होतो तेव्हा ती रोज संध्याकाळी दोन-दोन तास रडत असे. आपण कार्डाच्या मागे पेनाने एक डोंगर काढून दाखवला होता, की रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखरावर असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरते. नंतर मी वाचले, की अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या आयांनी ठेवलेल्या नोंदींवरून हाच चढ-उतार दाखवला होता आणि सहाव्या आठवड्यात निरोगी बाळेही दिवसाकाठी सुमारे पावणेतीन तास रडत होती. माझी मुलगी त्या डोंगरावरून अगदी वेळेवर उतरली. त्या उताराच्या काळात मला तिचे रडणे वाचता येऊ लागले होते. भूक लागली की ती आधी मूठ चोखते, मान वळवून तोंड शोधते, आणि आपण त्याकडे दुर्लक्ष केले तरच रडते. झोप अनावर झाली की नजर चुकवते, कान ओढते. कपडे जास्त झाले की मानेमागे घाम येतो. पुष्कळदा तर काहीच नको असते, फक्त कोणीतरी छातीशी धरावे एवढेच हवे असते, आणि त्याने बाळ लाडावत नाही हेही आपणच सासूबाईंसमोर ठणकावून सांगितले होते. माझ्या यजमानांना आपण बाजूला घेऊन जे सांगितले, ते तर प्रत्येक बापाला कोणीतरी सांगायला हवे. रडणे असह्य झाले, हात थरथरू लागले, तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून पाच मिनिटे अंगणात जाऊन उभे राहा, पण त्याला गदागदा हलवू नका, कारण त्या हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पुढे एका रात्री ते खरोखरच अंगणात जाऊन उभे राहिले होते.

तर, हे रडणे वेगळे आहे असे मी म्हटल्यावर आपण तळहात एकमेकांवर घासून गरम केले, ‘काहून वं माय, काय झालं एवढं?’ असे तिलाच विचारले आणि एकेक कपडा उतरवत गेलात. कान, काखा, जांघा, लंगोटाखालची कातडी आणि शेवटी मोजे. उजव्या पायाचे तिसरे बोट जांभळट लाल होऊन फुगले होते आणि त्याच्या मुळाशी एक बारीक खाच पडली होती. त्या खाचेत केस रुतला होता. आतल्या खोलीतील डॉक्टरांनी तो कसा सोडवला हे मी पाहू शकले नाही. मला ऐकू आले ते एवढेच, की रडणे मध्येच थांबले आणि एक लांब हुंदका आला. त्या दिवसांत सगळ्या नागपुरात नायलॉनच्या मांज्याची धास्ती होती, आमच्या घरचे पुरुष गळ्याला मफलर गुंडाळून दुचाकीवर बसत होते, आणि आमच्याच घरात एक केस चौदा तास माझ्या मुलीचे बोट आवळत होता.

मात्र हे पत्र मी ज्या गोष्टीसाठी लिहीत आहे ती याच्या नंतरची आहे. तो केस लांब होता. तो कोणाचा, हे आपल्याला पाहताक्षणी कळले होते. आपण तो कापसाच्या बोळ्यात गुंडाळून डब्यात टाकला आणि सासूबाईंना म्हणालात, ‘मोज्यात अडकलं होतं काहीतरी, निघालं. जरा उन्हात घेऊन बसा हिला.’ त्या बाहेर गेल्यावर, कार्डावर काही लिहायचे राहिले आहे असे सांगून आपण मला थांबवून घेतले. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक बायकांचे केस गळतात, ओला केस बोटाभोवती गुंडाळला गेला तर वाळताना आखडून अधिकच आवळतो, असे प्रकार दवाखान्यांना माहीत आहेत, इतके हलक्या आवाजात सांगून आपण म्हणालात, ‘केस बांधून तिला घेत जा, आणि मोजे उलटे करून झटकत जा.’ माझा चेहरा उतरलेला पाहून आपण टेबलावरची पाण्याची बाटली पुढे केली आणि पुढच्या बाळाचे नाव पुकारले.

ज्या घरात प्रत्येक रडण्याचा दोष आईच्या ताटापाशी किंवा आईच्या दुधापाशी येऊन थांबतो, तेथे माझ्याच डोक्यावरचा केस पुरावा म्हणून हाती लागला असता तर काय झाले असते, हे आपल्याला न सांगता कळले. खोटे तर आपण काही बोलला नाहीत, केस मोज्यातच होता. केवळ किती सांगायचे आणि कोणासमोर सांगायचे, याचा विचार आपण केला. शेकडो बाळांना टोचून झाल्यावरही समोरच्या आईची इज्जत राखण्याचे भान ज्यांना असते, अशी माणसे या शहरातील साध्या, रंग उडालेल्या भिंतींच्या दवाखान्यांत बसलेली आहेत आणि त्यांच्या नावाची पाटी कोठेही नसते. पाटी असलेल्या दवाखान्याचा अनुभव वर लिहिलाच आहे.

आता आठवडा झाल्यावर मी घरी सगळे स्वतःहून सांगितले, म्हणूनच येथे उघडपणे लिहू शकते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला समोर बसवून डोक्याला तेल लावले आणि इतकी घट्ट वेणी घातली की कपाळ ताणले गेले. दुधाच्या पावडरीचा डबा त्यांनीच न उघडता दुकानात परत केला.

बोटावर अजून एक पांढुरकी रेघ दिसते, ती हळूहळू जाईल असे आतल्या डॉक्टरांनी सांगितले आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आम्ही पुन्हा येऊ. तेव्हाही ती रडेल, आणि त्या वेळी कारण आपणच असाल. मोजे मात्र मी घरूनच काढून आणीन.

आपली कृतज्ञ,
एक आई
मानेवाडा, नागपूर