स्वीडिश वाटाण्याच्या सूपला पांढरा वाटाणाच हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ‘स्वीडिश मटार सूप’ या मथळ्याखाली आलेली कृती वाचली. ताजे हिरवे मटार वाफवायचे, मिक्सरमधून काढायचे आणि वरून फ्रेश क्रीम सोडायचे, असे तीत सांगितले आहे. असे सूप चवीला बरे लागेलही. पण स्वीडनमध्ये गुरुवारी शाळांत, लष्कराच्या भोजनगृहांत, दुपारच्या खानावळींत आणि अनेक घरांत वाढतात ते ‘ॲर्टसोप्पा’, म्हणजे वाटाण्याचे सूप, हे नव्हे. त्याला लागतो वाळवलेला, सालीसकट अख्खा पिवळा वाटाणा. आपल्याकडे किराणा दुकानात पांढरा वाटाणा म्हणून मिळतो, ज्याचा रगडा होतो, तोच. भारतात आयात होणाऱ्या या वाटाण्याचा मोठा भाग कॅनडातून येतो, आणि तो गावोगावी स्वस्तात मिळतो. खरा जिन्नस कोपऱ्यावरच्या दुकानात असताना वाचकांनी फ्रोझन मटार आणून वेगळाच पदार्थ करावा, हे पटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गुरुवारचा संबंध कॅथलिक काळातल्या शुक्रवारच्या उपवासाशी जोडतात. उपवासाच्या आदल्या दिवशी खारवलेले डुकराचे मांस घातलेले पोटभरीचे जेवण करून घ्यायचे. १५२७ पासून स्वीडन प्रॉटेस्टंट पंथाकडे वळला, उपवास मागे पडला, गुरुवार मात्र टिकला. १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात असलेल्या फिनलंडमध्येही गुरुवारीच वाटाण्याचे सूप आणि पॅनकेक करतात. तिथला वाटाणा हिरवा असतो, पण तोही वाळवलेलाच. स्वीडनचा पदच्युत राजा एरिक चौदावा १५७७ मध्ये ओर्बीहूसच्या किल्ल्यात कैदेत मरण पावला, त्याला याच सूपातून विष दिले अशी कथा आहे. १९५८ मध्ये त्याची शवपेटी उघडून तपासणी झाली तेव्हा अवशेषांत आर्सेनिक सापडले. सूप कोणते होते हे हाडे सांगत नाहीत, पण राजापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या ताटात हा पदार्थ किती जुना आहे, हे त्या कथेवरून कळते.

आता कृती. पाच-सहा माणसांना ५०० ग्रॅम वाटाणे पुरतात. ते निवडून, धुऊन २ लिटर पाण्यात २ मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात १० ते १२ तास भिजवावेत. कडधान्य भिजवताना मीठ घातले तर ते शिजत नाही, असे आपल्याकडे समजतात. इथे उलट आहे. सालीला घट्टपणा देणारे पेक्टिन हे द्रव्य कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट धरलेले असते. मिठातले सोडियम त्यांची काही जागा घेते आणि साल मऊ पडते. स्वीडिश पाकिटांवरही मिठाच्या पाण्यातच भिजवायला सांगितलेले असते. हे पाणी नंतर ओतून द्यायचे आणि शिजवायला बिनमिठाचे ताजे पाणी घ्यायचे. भिजल्यावर वाटाण्याचे वजन साधारण दुप्पट होते. तसे झाले नाही, किंवा बरेच दाणे सुरकुतलेले राहिले, तर माल जुना आहे असे समजावे. असे दाणे तीन तास उकळूनही मधे कचकचीत राहतात.

स्वीडनमधल्या स्वयंपाकघराचे तापमान विशीच्या आसपास असते, तिथे वाटाणे रात्रभर ओट्यावर चालतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा नागपुरात ते आठ तासांत फेसाळतात आणि आंबूस वास येतो. म्हणून उन्हाळ्यात पातेले फ्रिजमध्ये ठेवावे आणि वेळ १४ तासांपर्यंत वाढवावा.

पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा. स्वीडनचे गॉटलंड हे बेट चुनखडीचे आहे, तिथल्या जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यात वाटाणे हट्टी होतात. आपल्याकडे बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात नेमके तेच होते. पाण्यातले कॅल्शियम साल पुन्हा आवळून धरते. घरी फिल्टर असेल तर भिजवायला आणि शिजवायला त्याचेच पाणी घ्यावे. खाण्याचा सोडा टाकण्याची सवय अनेकांना आहे. अगदीच नाइलाज असेल तर भिजवणीच्या पाण्यात पाव छोटा चमचा पुरे, आणि नंतर दाणे नीट धुवावेत. जास्त झाला तर सूपाला साबणासारखी चव येते, दाण्याचा लगदा होतो आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होते.

जाड बुडाच्या पातेल्यात दाणे आणि दीड लिटर पाणी घालून उकळी आणावी. पहिली दहा-पंधरा मिनिटे पातेल्याजवळून हलू नये. वर येणारा फेस आणि तरंगणारी साले झाऱ्याने काढत राहावे. सगळी साले निघणार नाहीत, निघायलाही नकोत, पण जेवढी येतील तेवढी काढली की सूप जिभेला खरखरीत लागत नाही. मग दोन कांदे घालावेत, एक बारीक चिरून आणि एक अख्खा, त्यात तीन-चार लवंगा टोचून. याच वेळी ४०० ग्रॅम खारवलेले डुकराचे मांस, पोटाच्या भागाचे किंवा पायाच्या नळीचे, एकाच तुकड्यात सोडावे. आच मंद ठेवून, झाकण किंचित तिरपे लावून दीड तास शिजू द्यावे. नळीच्या मांसाला दोन तासही लागतात.

खारवलेले मांस आपल्याकडे सहज मिळत नाही, पण घरी होते. १ लिटर पाण्यात दीड डेसिलिटर (१५० मिलिलिटर) मीठ आणि अर्धा डेसिलिटर साखर उकळून पूर्ण थंड करावे. त्यात अर्ध्या किलोचा तुकडा बुडवून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा, वापरण्याआधी धुवावा. मांसाचा रंग करडा दिसेल, त्यात काही बिघडलेले नाही. बेकन वापरायचे तर शेवटी आणि थोडेच, नाहीतर धुराचा वास सगळ्यावर चढतो. गोव्याचे चोरीस मात्र यात घालू नये. मिरची-मसाल्याचा प्रश्न आहेच, पण मुख्य अडचण त्यातल्या व्हिनेगरची. आंबट पदार्थ पडला की वाटाणा शिजायचा थांबतो. टोमॅटो, चिंच, लिंबू यांनाही हेच लागू आहे.

मांस न खाणाऱ्यांनी एक कांदा ३ मोठे चमचे लोण्यात मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतावा आणि गाजर, सेलेरीचे दांडे व तमालपत्र घालून तेच सूप करावे. आजच्या स्वीडिश शाळांत शाकाहारी ॲर्टसोप्पाही वाढतात. जिरे, हळद, आले-लसूण यांचा मोह मात्र टाळावा. पांढऱ्या वाटाण्याची स्वतःची गोडसर, मातकट चव आहे, ती पुढे येऊ द्यायची असते.

कुकर वापरायचाच असेल तर तो अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. वाटाण्याचा फेस आणि साले शिट्टीच्या भोकात अडकतात आणि वाफ कोंडते, हा खरा धोका आहे. म्हणून आधी उघड्यावर उकळून फेस काढून घ्यावा, मग झाकण लावून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या द्याव्यात. वाफ आपोआप उतरली की झाकण काढून अर्धा तास मंद आचेवर आटवावे. या शेवटच्या अर्ध्या तासातच सूप मिळून येते.

दाट किती हवे? निम्मे दाणे फुटून विरघळलेले आणि निम्मे अख्खे पण बोटाने दाबताच मोडणारे, इतके. डाव तिरका केला तर सावकाश ओघळले पाहिजे. मिक्सर अजिबात नको. त्याने साली बारीक होऊन सगळ्यात मिसळतात आणि चिकट खळ होते. वाटाण्याची डाळ घेतली तरी तेच, ती अर्ध्या तासात विरघळते आणि खायला दाणा उरत नाही. दाट होऊ लागले की स्टार्च तळाला बसतो आणि पाच मिनिटांत करपतो, म्हणून सपाट लाकडी उलथन्याने तळ खरवडत ढवळावे. करपलेच तर ढवळू नये, वरचे सूप दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावे.

शेवटच्या पंधरा मिनिटांत एक छोटा चमचा वाळलेला थाईम आणि एक छोटा चमचा मार्जोरम घालावा. मार्जोरम म्हणजे आपला मरवाच. घरच्या कुंडीतला असेल तर त्याची एक मोठा चमचा ताजी पाने चिरून घालावीत. गजऱ्याच्या दुकानातला घेऊ नये, त्यावर फवारणी केलेली असू शकते. मीठ सर्वांत शेवटी चाखून घालावे, कारण मांसातले मीठ तोवर सूपात उतरलेले असते. मांसाचा तुकडा आणि लवंगांचा कांदा बाहेर काढावा, मांसाचे चौकोनी तुकडे करून परत घालावेत किंवा शेजारी बशीत द्यावेत.

मोहरीशिवाय हे जेवण अपुरे आहे. ती पातेल्यात घालायची नाही, प्रत्येकाने आपल्या ताटाच्या कडेला घेऊन चमच्यागणिक थोडी लावायची. स्वीडिश मोहरी गोड आणि तिखट दोन्ही असते. ३ मोठे चमचे पिवळ्या मोहरीची भरड पूड गार पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी, मग २ मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, एक छोटा चमचा व्हिनेगर आणि थोडे तेल घालावे. पाणी गरम घेतले तर झणका मरतो, आणि व्हिनेगर आधी घातले तर तो तयारच होत नाही. सोबत काही जण गरम केलेला ‘पुन्श’ घेतात. १७३१ मध्ये गोथेनबर्गला स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी जावाची अरक ही कडक दारू तिकडे नेली, तिच्यापासून हे गोड मद्य बनते.

सूपानंतर ‘पानकाकोर’, म्हणजे पातळ पॅनकेक. तुमच्या कृतीत यांचा उल्लेखच नव्हता, आणि मुले तर गुरुवारची वाट यांच्यासाठीच पाहतात. अडीच डेसिलिटर मैदा, ६ डेसिलिटर दूध, ३ अंडी, अर्धा छोटा चमचा मीठ, ३ मोठे चमचे लोणी. स्वीडिश कृतीतले माप डेसिलिटरचे, म्हणजे १०० मिलिलिटरचे असते. त्याला कप समजून २४० मिलिलिटरने मोजले आणि अंडी तीनच ठेवली, तर पॅनकेक उलटताना फाटतो. मैद्यात आधी निम्मे दूध घालून गुठळ्या मोडाव्यात, मग उरलेले दूध आणि शेवटी अंडी. सगळे दूध एकदम ओतले की गुठळ्या तरंगतात आणि फुटत नाहीत. पीठ अर्धा तास मुरू द्यावे. साखर नको, ती तव्याला धरते. बेकिंग पावडरही नको. मैद्याऐवजी कणीक घेऊ नये, ती जास्त पाणी पिते आणि पॅनकेक जड होतात.

बिडाचा तवा मध्यम-तेज आचेवर तापवून त्यात लोणी वितळवावे आणि ते पिठातच ओतून ढवळावे. मग प्रत्येक वेळी तव्याला लोण्याचा हात पुरतो. पाऊण डेसिलिटर पीठ ओतून तवा फिरवावा. वरची बाजू ओलसर चमकायची थांबली की उलटावे. पहिला पॅनकेक फिका आणि चिकट निघाला तर तवा पुरेसा तापलेला नाही, पिठात मैदा वाढवू नये. वर स्ट्रॉबेरी किंवा रासबेरीचा जाम आणि घुसळून फुगवलेले बिनसाखरेचे क्रीम द्यावे. क्रीमची खरी जागा ही.

उरलेले सूप दुसऱ्या दिवशी घट्ट होऊन बसते. त्यात कपभर गरम पाणी घालून मंद आचेवर तळापासून हलवत गरम करावे, आणि मीठ पुन्हा चाखावे.

आपला,
एक वाचक, स्टॉकहोम