कोठडीतली ‘कबुली’ आणि पहिल्या पानाचा मथळा

महोदय,

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांतील बाराही जणांना निर्दोष ठरवले. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष न्यायालयाने मालेगावच्या २००८च्या स्फोटातील सातही आरोपींना सोडले. पहिल्या निकालात बहुतेक वाहिन्यांना तपास यंत्रणेचे अपयश दिसले, दुसऱ्यात हिंदुत्ववादी विचारसरणीवरचा डाग पुसला गेल्याचे.

मालेगावचा निकाल यापेक्षा बराच कोरडा आहे. स्फोट झाला हे न्यायालयाने मान्य केले. तपास यंत्रणेने पुरावा म्हणून दाखवलेल्या मोटारसायकलीतच बॉम्ब होता, हे मात्र सिद्ध झाले नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालवण्याची मंजुरी सदोष निघाली. तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले. म्हणून संशयाचा फायदा मिळाला. सहा जणांना कोणी मारले हा प्रश्न तसाच उरला. खटला सात माणसांवर होता. विचारसरणी आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभीच नव्हती. यूएपीएचे कलम १५ सुद्धा दहशतवादी कृत्य ठरवताना हेतू आणि साधन पाहते. भगवा की हिरवा, हा रंग मथळे देतात.

हा रंग चढतो अटकेच्या आठवड्यात. ‘आरोपीने कबुली दिली, असे सूत्रांनी सांगितले’ हे वाक्य कोणताही उपसंपादक डोळे मिटून सोडतो. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा अपवाद आहे, कारण त्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब चालतो. म्हणूनच मालेगावच्या २००८च्या खटल्यातून मोक्का हटला, तेव्हा त्याखालचे कबुलीजबाबही निरुपयोगी झाले. खटल्याचा कणा तिथेच मोडला होता. लोकल स्फोटांच्या खटल्यात मोक्का टिकला, पण उच्च न्यायालयाने ते जबाब विश्वासार्ह मानले नाहीत.

मालेगावचाच २००६चा स्फोट पाहा. शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ बॉम्ब फुटले, आणि एटीएसने (राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने) मुस्लिम तरुणांना पकडून सिमी या बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध जोडला. २०१३ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले. आधीच्या नऊ जणांना आरोपमुक्त व्हायला एप्रिल २०१६ उजाडले. तोवर त्यांतला एक जण हयातही नव्हता. ही बातमी किती वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर होती?

तेव्हा विनंती एवढीच, आणि ती दोन्ही बाजूंच्या आरोपींसाठी. ‘मास्टरमाइंड’ हा शब्द निकालापर्यंत वापरू नये. संघटनेचे नाव आरोपपत्रात असेल तर ‘एटीएसचा दावा’ असे मथळ्यातच लिहावे, चौथ्या परिच्छेदात नव्हे. बातमीत टप्पा सांगावा: कोठडी, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, साक्षी की अपील. लोकल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास मनाई केली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. ‘निकालाला स्थगिती’ एवढ्याच मथळ्यातून वाचकाला हा फरक कळणे शक्य नव्हते.

आणि संकेतस्थळावरच्या जुन्या अटकेच्या बातम्या तशाच पडून आहेत. त्यांच्या माथ्यावर निकालाची तारीख आणि एक ओळ जोडायला पाच मिनिटे लागतात.

आपला,
एक वाचक, नाशिक