मूस हरणाच्या शिकारीसाठी रेड डॉट साइट निवडताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातील शिकारीविषयी आलेल्या लेखात असे म्हटले आहे की, रायफलीवर रेड डॉट साइट (लाल ठिपक्याने नेम धरण्याचे साधन) बसवली की जनावराच्या अंगावर लाल ठिपका पडतो आणि मग नवशिक्याचाही नेम चुकत नाही. यातील पहिले विधान चुकीचे आहे आणि दुसरे घातक आहे. मी पश्चिम स्वीडनमध्ये राहतो, येथील शिकार परीक्षा दिलेली आहे आणि दर वर्षी ऑक्टोबरात गावच्या चमूबरोबर मूस हरणाच्या हाक्याला उभा राहतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा विषय तिकडचा नाही. परंतु उत्तर युरोपात स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांना ही परीक्षा द्यायची आहे, त्यांच्यासाठी हा खुलासा आवश्यक वाटतो.

जनावराच्या अंगावर ठिपका पाडते ती लेझर. रेड डॉट साइटमधून बाहेर काहीच पडत नाही. नळीच्या आतला छोटा एलईडी पुढच्या वक्र भिंगावर प्रकाश टाकतो, भिंगावरचा लेप तेवढाच लाल प्रकाश नेमबाजाच्या डोळ्याकडे परतवतो आणि हे किरण समांतर येत असल्यामुळे ठिपका दूरच्या लक्ष्यावरच असल्यासारखा भासतो. रायफलीवरची माशी, खाच आणि लक्ष्य या तिन्हींवर एकाच वेळी नजर ठेवण्याची कसरत त्यामुळे संपते. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, आणि रायफलीवरच्या दुर्बिणीप्रमाणे डोळा ठरावीक अंतरावरच धरण्याचे बंधनही नसते. माल्मो येथील एमपॉइंट कंपनीने १९७५मध्ये अशी पहिली इलेक्ट्रॉनिक साइट बाजारात आणली, ती याच देशात, जेथे कुत्र्याने उठवलेले मूस झाडीतून धावत येते आणि शिकाऱ्याला गोळी झाडण्यासाठी काही क्षणच मिळतात. ऐंशी मीटरच्या आत, हलत्या जनावरावर, हे साधन उत्तम आहे, हे मी निःसंकोच सांगेन.

मात्र ही साइट जनावर मोठे करून दाखवत नाही, आणि निवडीचा सारा प्रश्न येथेच आहे. समोर आलेली मादी एकटी आहे की तिच्यामागे पिल्लू आहे, हे साध्या डोळ्याला कळत नसेल तर ठिपक्यालाही कळणार नाही. पिल्लू असलेली मादी आधी मारून पिल्लू पोरके करणे येथे अक्षम्य मानले जाते. म्हणून गळ्यात वेगळी दुर्बीण हवीच, आणि जनावर ओळखण्यासाठी रायफल कधीही त्याच्यावर रोखू नये. ज्यांची शिकार मोकळ्या शेताच्या कडेला, दीडशे मीटरवर, किंवा संधिप्रकाशात चाऱ्यावर येणाऱ्या रानडुकरांची असेल, त्यांनी रेड डॉटचा विचार सोडून रायफलीवर मोठ्या भिंगाची दुर्बीण घ्यावी. हाका आणि मचाण दोन्ही करणाऱ्याला एकपट ते सहापट वाढवणारी, उजळ ठिपक्याची दुर्बीण अधिक सोयीची पडते, जरी ती जड आणि महाग असली तरी.

ठिपक्याच्या आकाराबद्दल दुकानदार फार बोलतात. तो एमओए या कोनाच्या मापात (एका अंशाचा साठावा भाग) सांगतात. दोन एमओएचा ठिपका शंभर मीटरवर सुमारे सहा सेंटिमीटर जागा झाकतो, चार एमओएचा सुमारे बारा. मुसाच्या फुप्फुसांचा भाग याहून बराच मोठा असल्याने दोन्ही चालतात. मी स्वतः दोनचा पसंत करतो, कारण प्रकाश वाढवला की ठिपका आपोआपच फुगल्यासारखा दिसतो. पहाटे अंधुक उजेडात प्रकाश दिवसाच्या पातळीवर राहिला असेल, तर त्या लाल झगमगाटात जनावराचा खांदा दिसेनासा होतो. म्हणून अगदी मंद पातळ्या किती आहेत आणि हातमोजे घालून बटण फिरवता येते का, हे पाहावे.

ज्यांच्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना ठिपका गोल न दिसता धूमकेतूसारखा किंवा फाटलेला दिसू शकतो. अशा वेळी साइट सदोष समजून परत करण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिच्यातून फोटो घ्यावा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्याचा आहे, आणि चष्मा लावून पुन्हा पाहावे. दुसरी तपासणीही सोपी आहे. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून ठिपका एका खुणेवर आणावा आणि रायफलीला धक्का न लावता डोळा वरखाली, डावीउजवीकडे हलवावा. ठिपका खुणेवरून फारसा सरकता कामा नये. कोणतीही साइट या बाबतीत पूर्ण निर्दोष नसते, पण स्वस्त साइटमध्ये हा सरकाव डोळ्यांत भरतो.

उघड्या चौकटीच्या छोट्या साइट हलक्या आणि देखण्या असतात. पावसाचा एक थेंब किंवा बर्फाचा कण एलईडीवर बसला की ठिपका विस्कटतो किंवा नाहीसा होतो. स्वीडिश जंगलात ऑक्टोबर-नोव्हेंबर कसे असतात हे ज्यांनी अनुभवले आहे, ते बंद नळीचीच साइट घेतील. चांगल्या बनावटीत एकच बॅटरी काही वर्षे सतत चालते, तरी ती दर हंगामाआधी बदलावी आणि एक जादा खिशात ठेवावी.

नेम चुकत नाही या विधानाला मी घातक म्हणतो, याचे कारण कायद्यातही आहे. मुसावर गोळी झाडल्यानंतर दोन तासांच्या आत जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा जागेवर आणता आला पाहिजे, असे येथे बंधन आहे. जखमी जनावरे होतात, रेड डॉट असूनही होतात. ठिपका आणि गोळी एकाच जागी जातात की नाही, हे केवळ नेमबाजीच्या मैदानावर, स्वतःच्याच काडतुसांनी कळते, आणि साइट ढिली बसली असेल तर पहिल्याच काही गोळ्यांत ती हलते. तेव्हा सगळे पैसे साइटवर घालवू नयेत. साइट रायफलीला जोडणारी मजबूत पकड आणि सरावाची काडतुसे यांसाठी ते राखावेत. खरेदीआधी गावच्या नेमबाजी मंडळात जाऊन, रुळांवर धावणाऱ्या ऐंशी मीटरवरच्या मूसाकृतीवर इतरांच्या साइट वापरून पाहाव्यात. जुने सभासद आनंदाने देतात.

आपला,
एक वाचक
गोथेनबर्ग, स्वीडन