बुधवारच्या बाजाराचं काय ते सांगा

संपादक साहेब, 2027 च्या कुंभमेळ्यासाठी गोदाकाठ चकाचक करायचं चाललंय, चांगलंच आहे, पण घाटावरच्या बुधवारच्या बाजाराचं काय ते कोणी नीट बोलतच नाही. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, मग जानेवारी 2026 ची निवडणूक होईपर्यंत वर्षानुवर्षं प्रशासकच होते, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. परवा मेथीवाल्या मावशी जुड्यांवर पाणी शिंपडत म्हणाल्या, "दादा, आम्हाला हलवा, पण गिऱ्हाईक पण तिकडं आणून द्या." बरोबरच आहे ना! पर्यायी जागा द्यायचीच तर सावली, मुतारी, बसस्टॉप आधी बघा, नुसते पांढरे पट्टे मारून बाजार भरत नाही (पार्किंगचं तर बोलूच नका, ते आत्ताही नाही). प्लॅन फायनल करायच्या आधी एखाद्या बुधवारी पिशवी घेऊन घाटावर या.

– एक गिऱ्हाईक, पंचवटी, नाशिक