गरोदर बाईच्या ताटातला बांगडा काढू नका

गरोदर सुनेच्या ताटातला बांगडा ‘उष्ण’ म्हणून काढायचा आणि मग ओमेगा-३च्या महागड्या गोळ्या आणायच्या, हे कोकणात तरी थांबायला हवे. बांगडा-तारलीतली ईपीए, डीएचए ही ओमेगा-३ स्निग्धाम्ले शरीरात दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्याला आवर घालतात. कळा सुरू होण्यातही या प्रोस्टाग्लँडिनचाच हात असतो. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात ओमेगा-३ घेणाऱ्यांत ३४ आठवड्यांआधीची बाळंतपणे २.७ टक्के होती, इतरांत ४.६. ऑस्ट्रेलियातल्या नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही, म्हणून गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. कॉड लिव्हर ऑइल तर नकोच, त्यातले जादा अ-जीवनसत्त्व गर्भाला अपायकारक असते. मुशीही (शार्क) टाळावी, तिच्यात पारा साठतो. तारलीचे तिखले मात्र आठवड्यातून दोनदा तरी तिला आग्रहाने वाढा.

– एक वाचक, मालवण